नऊ लाखांत जुनी अमेरिकन गाडी: शेवरले, डॉज, फोर्ड की स्टुडबेकर? बांधणी कोणाची?

मुलुंडचा_पार्किंगवाला

नमस्कार मंडळी. दोन वर्षं इथे गुपचूप वाचत होतो, आज विचारायची वेळ आली. वय ४३, औषधांच्या कंपनीत नोकरी. मुलुंड पूर्वेला सोसायटीत एक जादा पार्किंग पदरात पडलंय. वर पत्रा आहे, पण बाजू उघड्या, त्यामुळे पाऊस आडवा येतो. बायकोची अट एकच: गाडी चालली पाहिजे. "नुसती पुसायची असेल तर घरात फ्रिज आहे," असं तिचं म्हणणं.

एकूण नऊ लाख बाजूला काढलेत, त्यातले तीन दुरुस्तीसाठी. चार गाड्या बघून आलो. चारही चार दारांच्या, चारही उजव्या स्टीअरिंगच्या. वसईला १९५१ ची शेवरले स्टाइललाइन आहे, चालू, रंग नुकताच मारलेला, दार लावलं की तिजोरी बंद केल्यासारखा आवाज येतो. भायखळ्याला एका बंद गाळ्यात १९५२ ची डॉज किंग्जवे, अकरा वर्षं सुरू केलेली नाही, दिसायला अगदी गावाकडून आलेली मावशी. नाशिकला १९५० ची फोर्ड व्ही-८, आवाज ऐकून अंगावर काटा आला, पण मालक हळूच म्हणाला की ट्रॅफिकमध्ये जास्त वेळ उभी करू नका. आणि पनवेलला १९५० ची स्टुडबेकर चॅम्पियन, ती बंदुकीच्या गोळीसारख्या नाकाची. माझ्या मुलीने तिच्याशीच सेल्फी काढला, बाकीच्या तिघींकडे ढुंकून पाहिलं नाही.

प्रश्न सरळ आहे. किंमत चौघींची थोड्याफार फरकाने सारखीच सांगतायत. मग बांधणी कोणाची चांगली? मी मेकॅनिक नाही. बॉनेट उघडून "हं" म्हणण्यापलीकडे मला काही येत नाही.

वसईची_हवा

शेवरले. डोळे मिटून. सुटे भाग सगळ्यात जास्त हिचेच मिळतात, नवीन बनवूनही मिळतात. आमच्या काकांकडे होती, वीस वर्षं फक्त तेल आणि पाणी. दाराचा आवाज तुम्ही स्वतः ऐकलाय, अजून काय पाहिजे?

लोखंडी_माणूस

चारपैकी कुठलीही घ्या हो. पत्रा असा जाड की वर हत्ती बसला तरी वाकणार नाही. आजच्या गाड्या म्हणजे बिस्किटाचे डबे. यातली एक आजच्या गाडीवर आदळली तर आजच्या गाडीचं काय होईल विचार करा. सेफ्टीच्या दृष्टीनेही जुनीच बरी.

लालबागचा_मिस्त्री

पार्किंगवाले, मी ६७ वर्षांचा आहे, तेव्हा अरे-तुरे करतो, राग मानू नकोस. आणि आधीच कबूल करतो की माझ्याकडे किंग्जवेच आहे. माझं मत त्या हिशेबाने थोडं चाळून घे.

वडील मोठी टॅक्सी चालवायचे, तीही डॉज. रविवारी सकाळी ती धुवायचं काम माझं. पुढे माझं आयुष्य लेथवर गेलं. जो बुश, जी पिन, जो हब बाजारात मिळत नाही, तो आमच्याकडे यायचा आणि आम्ही बनवून द्यायचो. त्यामुळे कुठल्या गाडीचं काय झिजतं हे मला हातात घेऊन माहीत आहे.

लोखंडी माणूस यांना आधी उत्तर देतो, म्हणजे तो विषय संपेल. २००९ मध्ये अमेरिकेत विमा कंपन्यांच्या सुरक्षा संस्थेने १९५९ ची शेवरले बेल एअर आणि २००९ ची शेवरले मालिबू समोरासमोर आदळून दाखवली. व्हिडिओ आहे, बघा. जुन्या गाडीत चालकाची जागाच उरली नाही, डॅशबोर्ड आणि स्टीअरिंग आत घुसलं. नव्या गाडीतला पुतळा बसल्या जागी शाबूत. पत्रा जाड असणं आणि धक्का गिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या चारही गाड्यांना सीटबेल्ट नाही, स्टीअरिंगचा दांडा सरळ छातीकडे रोखलेला, आणि ब्रेकचं मास्टर सिलिंडर एकच. एक पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक गेले. हे समजून चालवायची.

आता तुझा प्रश्न. बांधणी म्हणताना लोक दोन गोष्टी एका पिशवीत भरतात: वरचा डबा आणि खालचा सांगाडा. ज्याचा डबा चांगला त्याचं खालचंही चांगलं, असं नसतं. तुझ्या यादीत तर नेमकं उलटं आहे.

डब्याच्या बाबतीत शेवरलेला या किमतीत तोड नव्हती. तो जनरल मोटर्सच्या फिशर बॉडी विभागाचा. दारांच्या फटी सारख्या, काच वर-खाली करायचा हँडल तेल न घालताही लोण्यासारखा फिरतो. जनरल मोटर्सचा कारखाना आपल्या शिवडीलाच होता, १९२८ ते १९५४, तेव्हा वसईवाली बहुतेक तिथेच जोडलेली. पण तिजोरीच्या आवाजावर जाऊ नकोस. तो आवाज कुलपाचा आणि बिजागरीचा. खालचा उंबरा कुजून हातात येत होता अशा शेवरलेचं दारही मी तसंच वाजताना ऐकलंय.

आणि इंजिन. साडेतीन लिटरचं सहा सिलिंडर, ९२ हॉर्सपॉवर. व्हॉल्व्ह वर आहेत म्हणून लोक म्हणतात, वा, आधुनिक. खाली बघ. कनेक्टिंग रॉडच्या, म्हणजे पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्याच्या, बेअरिंगला पंपाच्या दाबाने तेल जातच नाही. रॉडच्या बुडाला चमच्यासारखा तुकडा आहे, तो फिरताना तेल झेलतो आणि त्यातूनच बेअरिंग ओलं राहतं. बेअरिंगही वेगळी वाटी बदलायची असं नाही, रॉडमध्येच पांढरा धातू ओतलेला. झिजला की शिम, म्हणजे मधली पातळ पट्टी, काढून घट्ट करायचा, शिम संपले की जुना धातू वितळवून नवा ओतायचा आणि मापात बोअर करायचा. मुंबईत हे काम करणारे हात आता फार थोडे उरलेत, मला ठाऊक असलेल्या दोघांची नजर गेली. शेवरलेने सगळ्या गाड्यांना दाबाचं तेल दिलं ते १९५४ ला. म्हणजे तुझी १९५१ वाली मुलुंड ते ठाणे, मुलुंड ते दादर, अगदी मजेत. पुणे एक्सप्रेसवेवर तासभर दामटलीस तर रॉड बोलायला लागेल. तेलाचा काटा खाली दिसला म्हणून घाबरूही नकोस, तिचा काटा मुळातच खाली असतो. कितीतरी लोकांनी त्या काट्यापायी चांगली इंजिनं उघडली आणि मग ती कधीच धड झाली नाहीत.

क्लचही सांगून ठेवतो. शेवरलेचा प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे इंजिनची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा दांडा, नळीच्या आत बंद आहे. क्लच प्लेट बदलायची तर आधी त्या नळीचा पुढचा सांधा सोडवावा लागतो. जे काम डॉजला सोपं, ते हिला जास्त खटपटीचं.

आता डॉज. किंग्जवे म्हणजे नाव डॉजचं, अंग प्लिमथचं. परदेशी बाजारांसाठी क्रायस्लरने केलेली ही सोय. आपल्याकडे वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याला जोडली. इंजिन जवळपास तेवढ्याच मापाचं, व्हॉल्व्ह बाजूला, म्हणजे जुन्या पद्धतीचे, म्हणून लोक नाक मुरडतात. पण सगळ्या बेअरिंगना दाबाचं तेल, बेअरिंगच्या वाट्या सुट्या, बदलता येणाऱ्या. ब्रेक हायड्रॉलिक, पुढच्या प्रत्येक चाकाला दोन-दोन सिलिंडर. प्लिमथला पहिल्या वर्षापासून, १९२८ पासून, हायड्रॉलिक ब्रेक आहेत. फोर्डने ते १९३९ ला दिले. बसायला उंच, कारण क्रायस्लरचे अध्यक्ष के. टी. केलर यांचा हट्ट होता की माणसाला टोपी घालून गाडीत बसता आलं पाहिजे. त्या टोपीपायी गाडी मावशीसारखी दिसते, पण माझे वडील फेटा बांधून लग्नाची वरात घेऊन गेले होते, छपराला टेकला नाही.

डॉजमध्ये खोड काय? तीन आहेत, आणि तिन्ही माणसांच्या हातूनच बिघडतात.

एक. डाव्या बाजूच्या चाकांचे बोल्ट उलट्या आट्यांचे. बोल्टच्या डोक्यावर 'एल' असतं, पण चार थर रंगाखाली ते कोणाला दिसणार? मी एकदा सायनच्या पुढे पंक्चर झालो. पंक्चरवाला पोरगा पान्यावर उभा राहिला. मी पलीकडे चहा घेत होतो. "अंकल, जाम है," म्हणाला आणि उडी मारली. ठण्‌ असा आवाज झाला. मी येईपर्यंत दुसराही तोडला होता. तो पूर्ण जोर लावून बोल्ट घट्ट करत होता आणि त्याला वाटत होतं आपण सोडवतोय. त्या दिवशी तीन बोल्टवर लालबागपर्यंत आलो, वीसच्या वर काटा जाऊ दिला नाही. तेव्हापासून डाव्या चाकांच्या कॅपमध्ये मी चिठ्ठी ठेवतो: उलटा फिरव.

दोन. मागचे ब्रेकचे ड्रम उतरत्या शाफ्टवर किल्लीने बसवलेले आहेत, ते काढायला मोठा पुलर, म्हणजे खेचून काढायचं अवजार, लागतो. पुलर नसलेला मेकॅनिक एक्सलच्या टोकावर हातोडा घालतो आणि आट्या चेपतो. तू बघायला जाशील तेव्हा मागच्या चाकाची कॅप काढ. टोक मशरूमसारखं पसरलेलं दिसलं तर समज, गाडी हातोडेवाल्याकडे होती.

तीन, आणि हे महत्त्वाचं. ब्लॉकच्या आत, वॉटर पंपच्या मागे, पत्र्याची एक लांब चपटी नळी आहे. तिला भोकं आहेत, त्यातून थंड पाणी प्रत्येक व्हॉल्व्हजवळ पोचतं. नळाचं पाणी घालून घालून ती आत सडते. मग पुढच्या सिलिंडरला पाणी भरपूर, पाचव्या-सहाव्याला काहीच नाही. काटा नॉर्मल दाखवतो आणि मागचे व्हॉल्व्ह जळत असतात. माझी नळी काढायला बसलो तेव्हा ती अखंड आलीच नाही. रेडिएटर काढला, पंप काढला, तारेचा आकडा करून दोन दिवस ओढत होतो. तपकिरी पापड निघावेत तसे तुकडे. बायकोने विचारलं, हे काय वाळत घातलंय गच्चीवर? नवी पितळेची मी स्वतः केली. ती बसल्यावर मे महिन्यात परळच्या पुलावर अर्धा तास उभी होती, काटा हलला नाही.

फोर्डचं थोडक्यात. आवाजाला नमस्कार. पण त्या व्ही-८ चा गरम धूर बाहेर जायची वाट ब्लॉकच्या पोटातून, पाण्याच्या जागेतून जाते, म्हणून पाणी तापतं. नाशिकच्या मालकाने तुला प्रामाणिकपणे सांगितलंय, त्याला दुवा दे. डब्याचं म्हणशील तर १९४९ चं मॉडेल घाईघाईत काढलेलं, धूळ आणि पाणी आत यायचं, खडखडायचं. १९५० ला कंपनीने बरंच सावरलं, जाहिरातच पन्नास सुधारणांची होती. त्यामुळे तुझी १९५० ची त्यातल्या त्यात बरी. शिवाय फोर्ड आणि शेवरले दोन्हींचे वायपर इंजिनच्या व्हॅक्यूमवर, म्हणजे इंजिन हवा ओढतं त्या ओढीवर, चालतात. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की वायपर झोपतो. जुलै महिन्यात फ्लायओव्हर चढताना नेमकं काय होतं, ते एकदा अनुभव.

स्टुडबेकरबद्दल मी बोलणार नाही, इथे एक ताई आहेत त्या बोलतील.

चॅम्पियनवाली_गिरगाव

मिस्त्रीकाका, वाट मोकळी करून दिल्याबद्दल आभार.

आमची १९५० चीच, सासऱ्यांची. चाळीच्या चौकात उभी असते, गणपतीत तिच्यावरच मंडपाच्या दोऱ्या बांधतात. ही गाडी बाकी तिघींपेक्षा हलकी आहे, मुद्दाम हलकी केलेली. इंजिन जेमतेम २.८ लिटर, ८५ हॉर्सपॉवर, त्यामुळे पेट्रोलही त्या तिघींच्या मानाने कमी पिते. हलकी म्हणजे तकलादू असं समजू नका, पण पत्र्याला चूक माफ नाही. आमच्या हिचे पुढचे दोन्ही मडगार्ड वरून, दाराच्या जवळ, फुगले. आतून चाक चिखल उडवतं, तो वरच्या कोपऱ्यात अडकून बसतो, तिथे ना हवा ना ऊन. पावसाळाभर ओला. बाहेरून बुडबुडा दिसेपर्यंत आत काही शिल्लक नसतं. आता दर रविवारी मी बागेचा पाइप घेऊन चाकाच्या वर हात घालते, नवरा हसतो.

एक गंमत सांगते. आमच्या गाडीत हिल होल्डर आहे. चढावर ब्रेक दाबून क्लच दाबून ठेवला की ब्रेकवरून पाय काढला तरी गाडी मागे येत नाही. केम्प्स कॉर्नरला सिग्नलला उभी राहिले की मागच्या नव्या गाडीतला मुलगा घाबरून अंतर ठेवतो, त्याला वाटतं ही आजी आता घसरणार.

सुट्या भागांची भीती बाळगू नका. कंपनीने साउथ बेंडचा कारखाना डिसेंबर १९६३ मध्ये बंद केला, पण उरलेला माल आजही कंपनीच्या जुन्या खोक्यांत मिळतो. आम्ही मागवलेल्या रबरी बीडिंगवर जुनं लेबल होतं. कस्टमवाल्याने विचारलं, हे खाण्याचं आहे का.

पण दादा, उघड्या बाजूच्या पत्र्याखाली ही गाडी ठेवू नका. मुलीला सांगा, सेल्फी पुरे.

मुलुंडचा_पार्किंगवाला

काका, ताई, काय बोलू. शनिवारी रजा टाकली आणि वसई आणि भायखळा दोन्ही केलं. मिस्त्रीकाकांनी मेसेज करून चार कामं सांगितली होती, तीच केली. इथे लिहितो, दुसऱ्या कोणाला उपयोग होईल.

वसई. फ्रिजवरचा लोहचुंबक कागदात गुंडाळून नेला होता. दारांवर वरती चिकटला. खालच्या वीतभर पट्ट्यात चारही दारांवरून घसरून पडला, म्हणजे तिथे पत्रा कमी आणि लांबी, म्हणजे रंगाखालची पुटी, जास्त. दाराच्या बुडाला पाणी निचरायची भोकं शोधायला सांगितली होतीत. बोट फिरवून बघितलं, एकही नाही. सगळी रंगाखाली बुजलेली. मालक अभिमानाने म्हणाला, "पेंटरने एकदम स्मूथ केलंय." शेवटी दार अर्धं उघडून टोकाला धरून वर उचललं. बिजागरी हलली नाही. दार, बिजागरी आणि तो खांब, तिन्ही एकदम हलले. मी हळूच दार लावलं. तिजोरीचा आवाज आला.

भायखळा. गाळ्याचं शटर उघडायलाच पंधरा मिनिटं गेली. गाडीवर बोटभर धूळ, रंग खडूसारखा, हाताला येतो. पण चुंबक सगळीकडे चिकटला, फक्त डिकीच्या झाकणाखाली एका ठिकाणी नाही. दारांची भोकं उघडी, एकातून तर झुरळ बाहेर आलं. मागच्या एक्सलचं टोक चौकोनी आहे का गोल ते कळलं नाही, पण पसरलेलं नाही. हाताच्या हँडलने इंजिन फिरलं, जड, पण फिरलं. डाव्या चाकाच्या बोल्टवर नखाने खरवडलं तर 'एल' दिसला, मला उगाचच फार आनंद झाला.

दोन गोष्टी मात्र खटकल्या. पुढच्या डाव्या मडगार्डवर, वरती, दोन भोकं भरलेली दिसतात, चार बोटांच्या अंतरावर. आणि आरसी बुकात इंधन 'डिझेल' लिहिलंय, पण आत तर पेट्रोलचं सहा सिलिंडर इंजिन आहे. मालकाच्या वडिलांनी घेतली होती, त्याला काही माहिती नाही. शिवाय कोणीतरी सांगितलं की व्हिंटेज नंबर घ्या, सगळं सोपं होतं. खरं का?

वसईची_हवा

खांब हलला म्हणजे काय लगेच? वेल्डिंग होतं की.

लालबागचा_मिस्त्री

होतं की. पत्र्याचा माणूस दोन महिने घेईल, आणि मग त्यावर परत तोच पेंटर लांबी भरेल. दाराच्या त्या भोकांनी सत्तर वर्षं गाडी वाचवली आणि पेंटरने एका आठवड्यात मारली. हे मी शेवरलेबद्दल बोलत नाहीये, तिची मूळ बांधणी मी वर सांगितली. वसईची जी उभी आहे ती मूळ गाडी राहिलेलीच नाही. तिच्या तळाला आता लांबीचा आधार आहे.

पार्किंगवाले, मडगार्डवरची दोन भोकं म्हणजे मीटरचा ब्रॅकेट. तुझी मावशी टॅक्सी होती. तोंड वाकडं करू नकोस. टॅक्सी रोज चालायची, तेल रोज सकाळी काडी काढून बघितलं जायचं, कारण त्यावर घर चालायचं. आमचे वडील आमचा ताप बघायच्या आधी तेलाची काडी बघायचे.

आरसीवरचं डिझेल त्याच गोष्टीतून आलंय. पेट्रोल परवडेना तेव्हा मोठ्या टॅक्सीवाल्यांनी डिझेल इंजिनं घातली. पुढे गाडी कुणा शौकिनाकडे गेली आणि त्याने परत पेट्रोल इंजिन बसवलं, पण आरटीओत जाऊन कागद बदलला नाही. म्हणजे दोन कामं. गाडीखाली शिरून गिअरबॉक्सच्या आडव्या पट्टीला कापून परत वेल्ड केलंय का ते बघ. आणि इंजिन नंबर आरसीशी जुळतोय का ते बघ. नंबर ब्लॉकच्या डाव्या बाजूला, पुढे, जनरेटरच्या वर सपाट केलेल्या जागेवर ठोकलेला असतो. रॉकेलचा बोळा फिरव, दिसेल. जुळला नाही तर आधी विकणाऱ्याच्या नावावर कागद दुरुस्त करून घ्यायचा, मग पैसे द्यायचे. उलटा क्रम केलास तर पुढची दोन वर्षं एजंटच्या मागे फिरशील.

व्हिंटेज नंबरचं सोपं कोणी सांगितलं? जुलै २०२१ चा नियम आहे, पन्नास वर्षांपुढच्या गाडीला 'व्हीए' मालिकेचा नंबर मिळतो. नोंदणी वीस हजार, दहा वर्षांनी नूतनीकरण पाच हजार. पण त्यावर रोज फिरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढंच. तुझ्या बायकोची अट काय होती? तेव्हा जुनी साधी नोंदणीच चालू ठेव, फिटनेस आणि पर्यावरण कर भर, पाच वर्षांनी परत रांगेत उभा राहा.

आणि आताचं पेट्रोल वीस टक्के इथेनॉलचं. अकरा वर्षं उभ्या गाडीतलं फ्युएल पंपाचं जुनं रबर त्यात विरघळेल. टाकी धुवून, सगळे पाइप आणि पंपाचा पडदा बदलल्याशिवाय चावी फिरवू नकोस. बॅटरी लावणाऱ्यालाही बजावून सांग, सहा व्होल्ट आणि अर्थिंगला पॉझिटिव्ह. आपले लोक सवयीने उलटी लावतात.

एक काम राहिलं. टेप घेऊन जा आणि इंजिनच्या वरच्या हेडची लांबी मोजून मला सांग.

मुलुंडचा_पार्किंगवाला

ऑफिसमधून येताना परत गेलो. पट्टी कापलेली आहे, वेल्ड जुना, पण सरळ. नंबर जुळत नाही. हेड पंचवीस इंच. दोनदा मोजलं, गाळेवाल्याने टॉर्च धरला.

लालबागचा_मिस्त्री

मग ते अमेरिकेत बनलेल्या किंग्जवेचं इंजिन नाही. अमेरिकेतल्या प्लिमथचं आणि छोट्या डॉजचं साडेतेवीस इंची असतं. पंचवीसवालं त्याच कंपनीच्या डिसोटो आणि क्रायस्लर या मोठ्या गाड्यांतलं, नाहीतर कॅनडात बनलेलं. आतली रचना तीच, दाबाचं तेल तेच, आणि ती सडकी नळीही तीच. वाईट सौदा नाही, उलट मला असतं तर आवडलं असतं. फक्त हेड गॅस्केट आणि नळी मागवताना "किंग्जवे" म्हणू नकोस, "पंचवीस इंच" म्हण, नाहीतर खोकं उघडल्यावर रडशील.

मालकाला सांग नंबर जुळत नाही, आणि सव्वा लाख खाली ये. तो ऐंशी हजारांवर थांबेल. रविवारी सकाळी आठला मी भायखळ्याला येतो, पुलर माझा आहे. तू फक्त चहाचं बघ.